दोन गाड्यांचा भाव

अक्का, तुम्ही गेल्यावर मी पहिलं मोठं खोटं बोलले ते तुमच्याच नावावर. पारोळा रोडच्या त्या स्कूटरच्या शोरूममध्ये. तुम्ही ज्या योगेशला भर एसीत घाम फोडला होता ना, त्याच्याच समोर. सगळं सांगते. रागवायचं तर शेवटी रागवा, मध्ये टोकू नका.

भिशीच्या बायकांनी मला सांगून ठेवलंय, "सुलभा, तुझ्या जाऊबाईंवर दोन शब्द लिहून आण, या खेपेला वाचू." बसले लिहायला. 'प्रेमळ, मनमिळाऊ, सर्वांना सांभाळून घेणाऱ्या' इथपर्यंत आले आणि माझं मलाच हसू फुटलं. मनमिळाऊ म्हणे! पाच कंदीलच्या बाजारात तुम्ही लांबून दिसलात तरी कांदेवाला तोंड फिरवून बसायचा. तो कागद चुरगळून टाकला. त्यांच्यासाठी नंतर काहीतरी गुळमुळीत लिहून देईन. हे तुमच्यासाठी आहे.

दारावर येणारे लोक आता कमी झालेत. आबा सकाळपासून ओट्यावर बसलेले असतात. शेजारी चहा ठेवला तरी तो गार होईपर्यंत त्यांना कळत नाही. तुमचे दीर, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, आमचे हे, कामावर जायला लागलेत, पण डबा विसरून जातात. आणि मी? माझं तुम्हाला ठाऊकच आहे. छातीत सतत धडधड, जेवायला बसलं की घास फिरतो. तुम्ही होतात तेव्हाही मी अशीच होते, पण तेव्हा तुम्ही ओरडायचात, "काय वं, आते काय झाय?" आणि निम्मी धडधड तिथंच थांबायची.

लग्न होऊन मी जळगावहून धुळ्याला आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, "आपण चहा घेणार का?" तुम्ही आबांकडे वळून म्हणालात, "हाई आपन म्हंजे कोन?" माझं मराठी कागदावरचं, वडील सरकारी कचेरीत, घरात सगळे तसंच बोलायचे. तुमची अहिराणी तोंडभरून. इतक्या वर्षांत मला ती कळायला लागली, पण बोलायला गेले की तोडकीमोडकी, आणि तुम्ही तोंडाला पदर लावून हसायचात. मग मी चिडून म्हणायची, आमच्या जळगावच्या भरताची सर तरी आहे का तुमच्या भरताला? त्यावरून संध्याकाळ जायची.

पण खरेदीला निघालं की माझी मस्करी बंद व्हायची. दुकानदारानं आकडा सांगितला की मला वाटतं, याचं घर त्यावर चालतंय, आपण कोण कमी करणार. पाकीट उघडूनच उभी राहते मी. म्हणून तुम्ही मला शेजारी बसवायचात आणि दोनच कामं द्यायचात. एक, तोंड उघडायचं नाही. दोन, तुम्ही "चाल वं सुलू, ऊठ" म्हटलं की त्या क्षणी उठायचं. मागं वळून बघायचं नाही, वस्तूकडे तर मुळीच नाही. दारापर्यंत पोचायच्या आत मागून हाक यायचीच. मिक्सर तसाच घेतला, पितळी डबे तसेच, माझ्या मंगळसूत्राची घडणावळसुद्धा तशीच कमी केलीत. दर वेळी मला वाटायचं, आज काही हाक येत नाही, आज आपण रिकाम्या हातानं जाणार. तुम्ही पदर खोचून अशा चालायचात की जणू त्या दुकानात आपण चुकून शिरलो होतो.

एक मात्र तुम्हाला कधी चाललं नाही. आठवतंय, साडीच्या दुकानात आपल्या पुढं एक बाई होती. भाव कमी होईना तेव्हा ती रडवेलं तोंड करून म्हणाली, "घरात सासरे अंथरुणाला खिळलेत हो." दुकानदारानं लगेच कमी केलं. मी तुमच्या कानात म्हटलं, चांगली युक्ती आहे की. तुम्ही माझ्या दंडाला असा चिमटा काढलात की हिरवं पडलं. "आजारपन इकाले काढं का वं तिनी?" इतकंच बोललात, आणि त्या दुकानातून काही न घेता आपण बाहेर पडलो. भाव करायचा तर वस्तूवरून करायचा, घरातलं दुखणं दुकानात विकायला आणायचं नाही, हे तुमचं म्हणणं. मला तेव्हा ते फार ताठ वाटलं होतं.

आता गाडीचं. मला त्या आरोग्य केंद्रात कॉम्प्युटरवरचं काम मिळालं, कंत्राटी का होईना, तेव्हा घरात सगळ्यात आधी तुम्हाला सांगितलं. गाव पारोळ्याच्या अलीकडे, हायवे सोडून आत. ओपीडी उघडते साडेआठला आणि पहिली एसटी फाट्यावर सोडते साडेनऊला, वर तिथून पायपीट. मी म्हटलं, जाऊ द्या, माझ्या नशिबात नाही. तुम्ही म्हणालात, "गाडी ले." कुणीतरी जुनी गाडी सुचवली तर त्यालाही तुम्ही उडवून लावलंत, भर दुपारी हायवेवर बंद पडली तर काय करशी म्हणून. आणि मग जरा थांबून, लाजल्यासारखं करत म्हणालात, "मी बी लेस."

तुम्ही! पन्नाशी कधीच ओलांडलेल्या! मला आधी वाटलं थट्टा करताय. पण तुम्ही अक्षय्य तृतीयेचं, तुमच्या आखाजीचं, मनात धरलं होतं. दर आखाजीला तुमचा भाऊ तुम्हाला माहेरी न्यायला यायचा. आता तो थकला, भाच्यांना सवड नाही, गेली काही वर्षं तुम्ही सकाळपासून आवरून बसायचात आणि दुपारी कुणीतरी येतंय न येतंय. "मुराळ्याची वाट देखत ओटावर बसानं वय नही आते मनं," असं म्हणालात. या आखाजीला आपली आपण गाडीवर माहेरी जायचं. मग शेजारच्या वहिनींची स्कूटर मागून घेऊन आपण दोघी मैदानावर शिकलो. मी शिकले घाबरत घाबरत. तुम्ही शिकलात शिव्या देत देत, गाडीला.

शोरूममध्ये तुम्ही चपला बाहेर काढून आत शिरलात. मी म्हटलं, अक्का, इथं नाही काढत. "फरशी देख, कितली चकचकीत शे," म्हणालात आणि अनवाणीच त्या सगळ्या गाड्यांमधून फिरलात. योगेश सांगत होता, मॅडम, याला मोबाइल जोडता येतो. तुम्ही म्हणालात, "माले फोन नही जोडना, माहेरले जावाले गाडी पाहिजे." मग त्यानं कोटेशन पुढं केलं. तुम्ही चष्मा लावून एकेका ओळीवर बोट ठेवत गेलात. एका ओळीवर बोट थांबलं.

"हँडलिंग म्हंजे काय रे भाऊ? गाडी काय हातवर उचलीसन आनी का?"

तो हसला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "नही अक्का, तसं नही." संपलं. सापडला तो तुमच्या तावडीत. "कोठला रे तू?" "अमळनेरकडला." "मंग तू मना माहेरना. बहीनकडे हँडलिंग मांगस?" त्यानंतर त्या बिचाऱ्याचं काही चाललं नाही. एका गाडीचे एक लाख चार हजार सांगत होता, तुम्ही दोन गाड्या घेतो म्हणून प्रत्येकी शहाण्णव हजार पाचशेवर आणलंत, वर गार्ड, मॅट, सीट कव्हर फुकट. शेवटी तुमचं ते "चाल वं सुलू, ऊठ" झालंच, आणि मी उठायला जरा उशीर केला. माझी नजर त्या निळ्या गाडीवर अडकली होती. तुम्ही दोन्ही गाड्यांचं टोकन दिलंत, आखाजीच्या आत उरलेले पैसे देऊन गाड्या न्यायच्या असं ठरलं.

परतताना रिक्षात तुम्ही माझ्यावर घसरलात. तू उशीर केलास, त्याला कळलं की आपल्याला गाडी हवीच आहे, नाहीतर अजून हजार तरी सुटले असते. मी म्हटलं, मला नाही जमत हे. तुम्ही म्हणालात, "मी नही ऱ्हासू तवय काय करशी?" आणि मी, माझ्या जिभेला काही हाड नाही, म्हटलं, "तुम्ही नसाल तेव्हा मी काही विकतच घेणार नाही." तुम्ही तोंड बाहेर वळवलंत. घरापर्यंत आपण बोललो नाही. संध्याकाळी लसूण सोलताना तुम्ही बोललात, पण दुसरंच काहीतरी. ते बोलणं तसंच राहिलं. अजूनही रोज मी त्या रिक्षात बसून वेगळं काहीतरी बोलते. एकदाही तुमचं उत्तर ऐकू येत नाही.

पुढच्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, छातीत जळजळतंय, शेवभाजी बाधली. मग दवाखाना, आणि काचेपलीकडे तुम्ही. तेवढंच लिहिते.

तुमच्यामागं त्या गाडीचं काय करायचं हे विचारायची सोय नव्हती. शेवटी तुमच्या दिरांनीच विषय काढला. म्हणाले, "तुझ्या पोस्टातल्या आरडीत बसत असेल तर घे. वरचे आता माझ्याकडे नाहीत सुलभा, दवाखान्यात काय गेलं तू बघितलंस." त्यांचं चूक नाही, अक्का. आरडीचे आले सत्त्याण्णव हजार. दोन गाड्यांच्या भावात माझी गाडी त्यात बसत होती. एका गाडीच्या भावात बसत नव्हती. गाडी नाही तर नोकरी नाही, आणि सोमवारी रुजू व्हायचं होतं. मी गल्लीत चार घरी विचारून आले, कुणाला स्कूटर घ्यायचीय का. लोक माझ्याकडे बघतच राहिले. दीड महिना नाही झाला आणि ही गाड्या विकत फिरतेय!

आखाजीच्या दिवशी जायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. आखाजीला घरात तुमच्या नावाची पहिली घागर भरायची आहे. त्या दिवशी मी गाडीला हार घालत उभी राहू शकणार नाही. म्हणून चार दिवस आधीच निघाले, एकटीच. तुमचे दीर येतो म्हणत होते, पण तेही माझ्यासारखेच, पाकीट उघडून उभे राहणारे. रिक्षात मी घोकत गेले. आत जायचं. सरळ सांगायचं, अक्का गेल्या, आता एकच गाडी घ्यायची आहे, किती कमी कराल. आत जायचं, सरळ सांगायचं. शोरूमच्या दारात पोचले तेव्हाही तेच घोकत होते.

योगेश मला बघून उभा राहिला. माझ्या मागं दाराकडे बघत म्हणाला, "अक्का कोठे शेतस?"

त्यानं मराठीत विचारलं असतं तर मी घोकलेलं बोलले असते. पण त्यानं अहिराणीत विचारलं आणि माझ्याही तोंडातून अहिराणीच निघाली. आणि अक्का, तुमच्या बोलीत तुमच्याबद्दल मला एकच उत्तर येतं. कुणीही दारात यायचं, विचारायचं, अक्का शेतस का घरमा, आणि मी आतून ओरडायची, शेतस ना, आहेत ना! इतकी वर्षं दुसरं काही म्हणायची वेळच आली नव्हती. तेच निघालं.

"शेतस ना. बाहेर शेतस."

"बाहेर? इतल्या उन्मा? काबर?"

"त्या रागावल्यात," मी म्हटलं. मी म्हटलं हे! "भाव जास्त वाटतोय त्यांना. आत येत नाहीत म्हणतात."

त्याचा चेहरा पडलेला मला दिसला. तुम्ही त्या काचेच्या दाराबाहेर रागावून बसला आहात या कल्पनेनंच तो हादरला होता. कॅल्क्युलेटर ओढला, काहीतरी केलं, म्हणाला, "ठरला भाव तोच राहील ताई, पण दोन्ही गाड्यांना पहिली सर्व्हिसिंग आमच्याकडून." मी म्हटलं, "विचारून येते."

आणि बाहेर गेले. खरंच गेले, अक्का. रसवंतीशेजारी लिंबाचं झाड आहे तिथं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "अक्का, काय करू?" पुटपुटले नाही, चांगलं मोठ्यानं म्हटलं. रसवाला बघत होता. मला रडू यायला हवं होतं, पण तेव्हा आलं नाही. उलट जरा बरं वाटलं. आत येऊन म्हटलं, "अक्का म्हणतात, अजून बघा." तो म्हणाला, "अजून म्हणजे किती?" आता हे मी ठरवलंच नव्हतं! म्हटलं, "थांबा, परत विचारून येते."

तेवढ्यात तो खुर्ची सरकवून उठला. "तुम्ही बसा ताई, मीच जातो. अक्कासले पानी दी येस. कधीना उन्मा बठेल शेतस." कूलरचं गार पाणी ग्लासात भरलं आणि निघाला. मी "अहो, नको, अहो" करत मागं धावले. तो केव्हाच दाराबाहेर गेला होता.

मी पोचले तेव्हा तो लिंबाखाली उभा होता, भरलेला ग्लास हातात धरून, आणि रसवाल्याला विचारत होता, "आठे एक अक्का व्हत्या ना?"

व्हत्या. असं म्हणतात तर. मला ते कुणी शिकवलंच नव्हतं.

"योगेशभाऊ," मी म्हटलं, "अक्का गेल्या."

"गेल्या? घर गयात? इतल्या रागावल्या?"

त्याला कसं कळणार! मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. "वारल्या हो. मागच्या महिन्यात. हृदयविकारानं." घरात हे मला कधी उच्चारावंच लागलं नव्हतं. फोन यांनी केले, दारावर आलेल्यांना आबांकडे बघूनच कळायचं. पहिल्यांदा बोलले ते त्या रसवंतीसमोर, एका परक्या माणसाला, आणि मग काही थांबेना. पदर तोंडात कोंबून रडले. रसाचं मशीन थांबवून रसवालाही उभा राहिला.

योगेश हळूच म्हणाला, "मग मघाशी तुम्ही कोणाला विचारत होतात?"

"त्यांनाच."

हातातल्या पाण्याचं काय करावं ते त्याला सुचेना. त्यानं ते प्यायलं नाही, मलाही दिलं नाही. खाली वाकून झाडाच्या बुडाशी हळूहळू ओतलं. घरात तुमची घागर भरायला अजून चार दिवस होते, अक्का, आणि तुमच्या नावाचं पहिलं पाणी या अमळनेरच्या माणसानं आणलं, ते तुम्ही रागावल्या आहात म्हणून. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

आत आलो. तो डोळे पुसत म्हणाला, "आधीच सांगायचं ना ताई. असं झालं म्हटल्यावर मी काय जास्त घेणार आहे का? साहेबांना सांगतो मी. तुम्हाला दोन गाड्यांचाच भाव. शहाण्णव पाचशे. अक्कांनी दिलेलं दोन्ही गाड्यांचं टोकन आबांच्या खात्यावर परत पाठवतो."

झालं होतं माझं काम. आरडीत बसत होतं, वर पाचशे उरत होते. सोमवार वाचला होता. फक्त हो म्हणायचं होतं. आणि माझ्या दंडावर चिमटा बसला. खोटं नाही सांगत, दंड चोळला मी. माझ्या डोक्यात एकच आलं, ही तुमच्या मरणाची सूट आहे. उद्यापासून मी त्या गाडीवर बसणार, आणि ती मला स्वस्त का पडली, तर तुम्ही मेलात म्हणून. नाही जमणार मला. मग असं वाटलं, मूर्ख बाई, घे की, तो मनापासून देतोय, ही गेली तर नोकरी गेली.

"नको," मी म्हटलं. "तो भाव अक्कांचा आहे. दोन गाड्या घेऊन त्यांनी तो मिळवला होता. मला एका गाडीचा सांगा."

तो गोंधळला. "एकीचा एक लाख चार हजार आहे ताई."

"हो ना. त्याच्यावर बोलू."

"अहो, पण मी कमीच देतोय तुम्हाला!"

"तसं नको. गाडीवरून बोला."

त्याला वाटलं असणार, दुःखानं हिचं डोकं फिरलं. पण कोटेशन काढलं. मी चष्मा लावला, लागत नसताना. पहिल्या ओळीपासून बोट फिरवायला लागले. हँडलिंग दीड हजार. "हे काय? गाडी हातावर उचलून आणली का?" आवाज इतका बारीक निघाला की मला दोनदा म्हणावं लागलं. तरी ते गेलं. वाढीव वॉरंटी तेराशे. "मला न विचारता कशी लावली?" तीही गेली. मग तो म्हणाला, आता यात काही नाही ताई, एक लाख एक हजार दोनशे, शेवटचं. मी अजून मागितले, तो नाही म्हणाला. तेव्हा मला वाटलं, आता ते करायची वेळ आली. मनातल्या मनात म्हटलं, चाल वं सुलू, ऊठ. आणि उठले.

अक्का, दारापर्यंत गेले. हाक आली नाही. दार ढकललं. नाही आली. पायरीवर उभी राहिले, ऊन तोंडावर, मागं नुसता एसीचा आवाज. तुम्हाला कधी असं झालं होतं का हो? झालं असतं तर तुम्ही तशाच पुढं चालत गेला असतात, मला माहीत आहे, पार बसस्टँडपर्यंत. मी नाही गेले. माझ्या डोळ्यांपुढं ती साडेनऊची एसटी आली. मी वळले, परत आत आले आणि त्याच खुर्चीत बसले. लाजेनं कान तापले होते. योगेश माझ्याकडे बघत होता, हसला मात्र नाही.

"बरं," मी म्हटलं, "गार्ड, मॅट, सीट कव्हर काढून टाका."

"सीट तापेल ताई उन्हात."

"तापू दे. मी टॉवेल टाकेन."

त्याचे अठ्ठावीसशे गेले. राहिले अठ्ठ्याण्णव हजार चारशे. मग मी त्याला खरं तेच सांगितलं, की मला सत्त्याण्णवच्या वर जाताच येत नाही, त्यात बसलं तर आत्ता पैसे भरते, नाही तर गाडी नको. दवाखान्याचं नाव काढलं नाही, तुमचंही नाही. तो आत साहेबांकडे गेला. किती वेळ गेला कोण जाणे, मी त्या निळ्या गाडीकडे न बघता बसले होते. ही एकच गोष्ट मी तुमच्यासारखी केली. तो बाहेर आला आणि म्हणाला, दीड हजार कमी करतो, शहाण्णव हजार नऊशे, याच्या खाली खरंच नाही. मी हो म्हटलं. इतक्या घाईनं म्हटलं की तुम्ही असतात तर कपाळाला हात लावला असता.

आज संध्याकाळी गाडी घरी आणली. सोमवारी मी कामावर जाणार, नक्की जाणार, रस्त्यात ट्रकची भीती वाटेल तरी जाणार. आणि आखाजीला, घागर भरून झाली की तुमच्या भावाच्या घरी जाऊन येणार. आबांना म्हटलं, मागं बसाल का? त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही, मीही परत विचारलं नाही.

तुम्ही मला काय काय दिलंत ते कधी बोलून दाखवलं नाही. जळगावची भित्री पोरगी तुम्ही शेजारी बसवलीत, गप्प बसवलीत, आणि मला वाटत राहिलं की मी नुसती बसलेय. आज कोटेशनवर बोट ठेवताना कळलं की मी सगळं बघत होते. आता राग येतो तुमचा. शिकवताय असं एकदा सांगितलं असतं तर वही-पेन घेऊन बसले असते मी.

आता काय असेल ते बोला. भावात मी हरले, अक्का. तुमच्याहून चारशे जास्त दिले, वर सीट कव्हर नाही, गार्ड नाही, मॅट नाही. गाडी अंगणात लावली तेव्हा सगळ्यांनी विचारलं, कितीला पडली. मी खरा आकडा सांगितला आणि थांबले. तुमचे दीर म्हणाले, छान केलंस. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, चांगली मिळाली. आबा उठून आले, गाडीच्या सीटवरून हात फिरवला, म्हणाले, बरं झालं. चारशे रुपये जास्त गेले, आणि या घरात मला कुणी एक शब्दसुद्धा बोललं नाही.